मामा, घोरपड पाळता येते का?

रविवारी सकाळी आबिड्सला चक्कर मारल्याशिवाय माझा आठवडा संपत नाही. दुकानांची शटर्स खाली आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग. हैदराबादकर वाचकांना हे वेगळं सांगायला नको. गेल्या महिन्यात नववीतल्या भाच्याला बरोबर नेलं होतं. मी प्रोग्रॅमिंगची पुस्तकं चाळेपर्यंत त्यानं सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं, कव्हर फाटलेलं एक पुस्तक घासाघीस करून ऐंशी रुपयांत मिळवलं. जनरल पोस्ट ऑफिसच्या दिशेनं चालता चालता एक पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"मामा, ही पाळता येते का?"

पानावर घोरपड होती. परदेशातले लोक घोरपडीच्या जातीचे मोठाले प्राणी सोफ्यावर घेऊन बसतात, असे व्हिडिओ त्यानं भरपूर पाहिलेत. मी लगेच "नाही" म्हणालो. पण कारण सांगायला त्या आठवड्यात मलाच बराच अभ्यास करावा लागला.

माझी आणि घोरपडीची पहिली भेट देगलूरकडच्या आमच्या गावी झाली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शेताच्या बांधावरच्या बिळातून ती बाहेर आली, तेव्हा मला ती मगरीचं पिल्लूच वाटली. दुभंगलेली जीभ आत-बाहेर करत तिनं माझ्याकडे पाहिलं, अंग फुगवलं आणि फुसफुसली. मी पळालो. नंतर कळलं की तीही पळाली होती, उलट्या दिशेला.

आपल्याकडची ही घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत वाढू शकते. किडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी, मेलेली जनावरं, तिला काहीही चालतं. म्हणजे शेताची फुकटची साफसफाई. बहुतेक सरड्यांना पळताना नीट श्वास घेता येत नाही, कारण धावायला आणि श्वासाला तेच स्नायू लागतात. घोरपड मात्र गळ्याचा भात्यासारखा वापर करून हवा आत ढकलते, त्यामुळे ती दमत नाही. पकड तर अशी की आमच्या इकडे तेलुगूत चिवट हट्टाला 'उडुमु पट्टु' म्हणजे घोरपडीची पकड असंच म्हणतात. १६७० च्या सिंहगडावरची तानाजींची यशवंती आपण सगळे ऐकतच मोठे झालो. बहुतेक इतिहासकार ती दंतकथा मानतात. काही किलोंचा प्राणी दोरावरून चढणाऱ्या मावळ्यांचा भार कसा पेलणार? पण दंतकथेलाही घोरपडच सुचली, हे त्या पकडीचंच कौतुक.

आता असा प्राणी फ्लॅटमध्ये ठेवायचा म्हणजे काय? तिला ऊन खायला जवळजवळ पन्नास अंशांची जागा लागते आणि शेजारी सावलीही. खणायला खोल माती लागते. दिवसभर फिरून अन्न शोधणारा हा प्राणी काचेच्या पेटीत नुसता बसून उंदीर खातो, लठ्ठ होतो आणि आजारी पडतो. व्हिडिओत सोफ्यावरचे दोन मिनिट दिसतात, पुढची दहा-पंधरा वर्षं दिसत नाहीत.

शिवाय कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भारतातल्या चारही प्रकारच्या घोरपडी पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. पकडणं, पाळणं, विकणं, इतकंच काय, तिचा एखादा अवयव जवळ ठेवणंही गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. परदेशी जातीची पाळायची म्हटलं तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर जरा ऐटीतच सांगत होतो. भाचा मोबाइलवर माझं बोलणं तपासत होता. हल्लीची पिढी! मध्येच तो थांबला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हळूच म्हणाला, "मामा, हे आजीच्या डबीत आहे ना?"

स्क्रीनवर 'हत्थाजोडी'चा फोटो होता.

नवीन घर घेतलं तेव्हा बरकतीसाठी कुणीतरी सुचवलं म्हणून आईनं ती मागवली होती. हात जोडल्यासारखी दिसणारी, दुर्मिळ झाडाची मुळी म्हणून. चांदीच्या डबीत शेंदरात ठेवून गेली सहा वर्षं ती रोज तिला नमस्कार करत होती. ती मुळी नव्हतीच. नर घोरपडीचं प्रजननाचं इंद्रिय कापून, वाळवून हत्थाजोडी म्हणून विकतात. वर्ल्ड अॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेनं आणि संशोधकांनी २०१७ मध्ये हा ऑनलाइन व्यापार उघडकीला आणला होता.

मी पाळायला नाही म्हणत होतो, आणि मारलेल्या घोरपडीचा तुकडा आमच्या देवघरातच होता.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिनं आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. आधी चिडली, "काहीतरीच वाचता तुम्ही!" मग फोटो बघत बराच वेळ गप्प बसली. शेवटी विचारलं, "मारून काढतात का रे?" मी मान डोलावली. "मग मला विकणाऱ्यानं सांगायला नको का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती फसली होती, आणि कायद्याच्या नजरेत वस्तू मात्र आमच्या घरात होती.

नातेवाइकांचा सल्ला होता, मुसीत सोडून द्या, कुणाला कळतंय. मलाही क्षणभर तेच सोपं वाटलं, हे कबूल करतो. पण आई म्हणाली, "एकदा गुपचूप घेतलं तेवढं पुरे." ओळखीच्या वकिलांशी बोलून रीतसर अर्ज लिहिला आणि सैफाबादच्या अरण्य भवनात वस्तू जमा केली. अर्जावर सही आईनंच केली. सोबत भाचा आला होता, पुस्तक काखेत घेऊन.

तर मंडळी, या महिन्यात एक काम करा. आपापल्या देवघरातल्या डब्या उघडून बघा, आणि गावाकडच्या आजी-आजोबांनाही फोन करा. अशी 'मुळी' सापडली तर फेकू नका, कुणाला देऊ नका. जाणकाराचा सल्ला घ्या आणि वन विभागाला कळवा.

भाच्याचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. त्याला घोरपड बघायचीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याला देगलूरला नेणार आहे. तो बांध अजून आहे. ती दिसली तर दहा पावलं लांब उभे राहू, आणि या वेळी मी आधी पळणार नाही.