माणसं निवडणारा कुलगुरू

लेखक, चित्रकार, जाहिरातदार, मुद्रक आणि विक्रेते यांचे आभार मानणं हा दिवाळी अंकाच्या संपादकीयाचा ठरलेला रिवाज. यंदा ते आभार शेवटच्या पानावर वेगळे छापले आहेत आणि इथली जागा एका बंगाली माणसाला दिली आहे. या अंकाचा विशेष विभाग विद्यापीठांवर आहे. त्यासाठी आलेले लेख वाचताना तीन तक्रारी पुन्हा पुन्हा समोर येत होत्या: पैसा नाही, सरकार मोकळं सोडत नाही आणि कायदा हात बांधतो. तिन्ही खऱ्या आहेत. पण सरकार परकं, तिजोरी रिकामी आणि कायदा मुद्दाम आवळण्यासाठीच केलेला, अशा काळात कलकत्ता विद्यापीठाचा कायापालट करणारा एक कुलगुरू या देशात होऊन गेला. सर आशुतोष मुखर्जी. महाराष्ट्राला ते ठाऊक असतात श्यामाप्रसाद मुखर्जींचे वडील म्हणून, नाहीतर आगगाडीत गोऱ्या सहप्रवाशाचा कोट खिडकीबाहेर भिरकावणारा ‘बंगालचा वाघ’ म्हणून. कोटाची गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. वाघाची खरी कामगिरी झाली ती सिनेटच्या बैठकांत, नियमावलीच्या मसुद्यांत आणि नेमणुकीच्या कागदांवर. त्यात चटकदार किस्सा सापडत नाही, म्हणून ती फारशी कोणी सांगत नाही.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यापीठाकडं स्वतःचा प्राध्यापकवर्ग नव्हता की प्रयोगशाळा नव्हती. होतं ते रजिस्ट्रारचं कार्यालय, परीक्षकांच्या याद्या आणि वर्षातून एकदा पदवीदानाचा थाट.

या व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या अत्यंत हुशार विद्यार्थ्यांपैकी आशुतोष एक. जन्म २९ जून १८६४ चा. वडील गंगाप्रसाद हे भवानीपूरचे डॉक्टर. गणितात एम.ए., पाठोपाठ भौतिक विज्ञानात एम.ए. आणि १८८६ साली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईचेच, आईच्या नावानं राजाबाई टॉवर उभारणारे. त्यांच्या पैशानं कलकत्त्यातला सर्वांत हुशार पदवीधर दरवर्षी शोधला जाई. पुढं त्यानं करायचं काय, याची सोय मात्र कुठंच नव्हती. आशुतोषांचे गणितावरचे निबंध विद्यार्थिदशेतच इंग्लंडच्या नियतकालिकांत छापून आले होते. सरकारी शिक्षण खात्यानं नोकरी देऊ केली तेव्हा त्यांनी गोऱ्या प्राध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा मागितला. तो मिळणार नव्हता. ते वकिलीकडं वळले आणि १९०४ साली कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. गणिताचं नुकसान झालं ते झालंच. पुढं त्यांनी जे केलं ते पाहिलं की वाटतं, आपल्याला न मिळालेली जागा दुसऱ्यांसाठी तयार करायची, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का असावा.

त्याच १९०४ साली लॉर्ड कर्झनचा विद्यापीठ कायदा आला. सिनेटवर सरकारनियुक्त सभासदांचं जबर बहुमत, नियमांवर आणि संलग्नतेवर सरकारची शेवटची मोहर, असा त्याचा रोख होता. केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. आशुतोषही त्याच सभागृहात होते आणि त्यांनीही हरकती घेतल्या. विधेयक व्हायचं तसं मंजूर झालं. त्याच्या तिसऱ्या कलमात विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याची, देणग्या सांभाळण्याची, ग्रंथालयं आणि प्रयोगशाळा चालवण्याची मुभा होती. पैसे न देता दिलेली मुभा, त्यामुळं बहुतेकांनी ती शोभेची मानली. आशुतोषांनी नेमकं तेच कलम धरलं. विरोध करून हरलेला माणूस त्याच कायद्याचा सर्वांत बारकाईनं वाचणारा वाचक ठरला, ही आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीची किल्ली आहे.

१९०६ साली ते कुलगुरू झाले. दोन-दोन वर्षांच्या चार मुदती सलग, १९१४ पर्यंत. नंतर पुन्हा १९२१ ते १९२३. पद बिनपगारी. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीनं विद्यापीठ सांभाळणं तेव्हा नवलाचं नव्हतं. आपल्याकडं मुंबईत काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि नारायण गणेश चंदावरकर यांनी ते केलं होतं. पण आशुबाबूंनी त्याचा रगाडाच मांडला. सकाळी भवानीपूरच्या घरी भेटायला आलेल्यांची रीघ, दिवसभर कोर्ट, तिथून थेट कॉलेज स्ट्रीटवर विद्यापीठात. भरदार देह, झुपकेदार मिशा, अंगावर धोतर, आणि भीम नागच्या दुकानातल्या संदेशवर जीव. त्या दुकानानं एका संदेशला ‘आशुभोग’ नाव दिलं, असं कलकत्त्यात अजून सांगतात. कुलगुरूच्या नावाची मिठाई निघावी, हे भाग्य दुसऱ्या कोणाला लाभल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

पैसा सरकारकडून यथातथाच येत होता. तो आला वकिलांकडून. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष हे दोघे कलकत्त्याचे गाजलेले कायदेपंडित. वंगभंगाच्या चळवळीत सरकारी विद्यापीठाला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या स्वदेशी शिक्षणसंस्थांना या दोघांचाच आधार होता. आशुतोषांनी त्यांना ‘सरकारी’ विद्यापीठाकडं वळवलं. पालितांनी १९१२ साली जमीन, घर आणि रोकड मिळून सुमारे १५ लाख दिले. घोष यांनी पुढच्या वर्षी १० लाख. अट एकच मोठी: या देणगीतून नेमलेला प्राध्यापक भारतीयच हवा. आशुतोषांना गोऱ्यांच्या बरोबरीची जागा नाकारली गेली होती, त्याचं हे सव्याज उत्तर. २७ मार्च १९१४ ला विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली आणि काही दिवसांतच त्यांची चौथी मुदत संपली. विद्यापीठावरची पकड मात्र सुटली नाही.

इमारती कोणीही बांधतो. आशुतोषांचं वेगळेपण होतं माणसं हेरण्यात. चंद्रशेखर वेंकट रामन हे तेव्हा सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या आधी-नंतर बहुबाजार स्ट्रीटवरच्या महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेत प्रयोग करत बसत. त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केलं गेलं. पगार हातातल्या नोकरीपेक्षा बराच कमी, तरी रामन तयार झाले. अडचण वेगळीच निघाली: या पदावरच्या माणसानं आधी परदेशी जाऊन शिकून यावं, अशी अपेक्षा होती आणि रामन यांनी त्याला साफ नकार दिला. आशुतोषांनी माणूस सोडला नाही, अट सोडली. १९१७ साली रामन रुजू झाले. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि १९३० चं नोबेल पारितोषिक या पुढच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत.

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांची कहाणी आम्हांला त्याहून मोलाची वाटते, कारण रामन यांचं नाव आधीच झालेलं होतं, या दोघांचं काहीच नव्हतं. साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून अपमान सोसलेला. दोघंही मिश्र गणितात एम.एस्सी. झालेले, वय विशी-बाविशीचं. नव्या महाविद्यालयात आधुनिक भौतिकी शिकवायची होती आणि ती शिकलेला माणूस जवळपास कुठं नव्हता. आशुतोषांनी या पोरांना बोलावून विचारलं, काय शिकवाल? सांगाल ते, प्रयत्न करू, असं उत्तर आलं. साहांकडं क्वांटम सिद्धांत दिला गेला, बोस यांच्याकडं सापेक्षता. महायुद्ध चालू असल्यानं जर्मन पुस्तकं मिळेनात. शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ब्रूल नावाच्या प्राध्यापकाकडं ती होती. तिथून उसनी आणून, जर्मन भाषेशी झटापट करत हे दोघं आधी स्वतः शिकले आणि मग वर्गात उभे राहिले. १९२० साली आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठानं प्रसिद्ध केला. प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबीस यांची. साहांचं ताऱ्यांच्या वर्णपटावरचं विख्यात समीकरणही त्याच वर्षाचं. आजच्या निवड समितीपुढं हे दोन उमेदवार गेले असते तर ‘संबंधित विषयातील पदवी नाही’ या शेऱ्यासह अर्ज परत आले असते.

मानव्यविद्यांतही तेच. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ साली पुण्याचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले आणि जवळजवळ दोन दशकं राहिले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या सर रामकृष्णपंतांचे हे चिरंजीव. तत्त्वज्ञानासाठी म्हैसूरहून राधाकृष्णन आणले. प्रांत, भाषा, वय यांचा बाऊ नाही. १९१९ साली तर देशी भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबई विद्यापीठात देशी भाषांना जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत सिनेटमध्ये भांडले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेचं वजन कळेल.

घरातही माणूस हाच होता. मुलगी कमला लहानपणी विधवा झाली, तिचा त्यांनी १९०८ साली पुनर्विवाह लावला आणि नातलगांचा, समाजाचा रोष पत्करला. १९२३ साली ती वारली. तिच्या नावानं त्यांनी विद्यापीठात व्याख्यानमाला ठेवली.

एवढं सगळं गोडगोड लिहून थांबलो तर ते संपादकीय न होता गौरवगीत होईल. आशुतोष एकतंत्री होते. सिनेटमधलं सरकारनियुक्त बहुमत त्यांनी हळूहळू आपलं करून घेतलं आणि मग विद्यापीठात त्यांच्या शब्दापलीकडं पान हलेनासं झालं. पदव्या स्वस्त केल्या, मर्जीतल्यांची भरती केली, हिशेब ढिले ठेवले, हे आरोप शत्रूंचे नव्हते. ‘मॉडर्न रिव्ह्यू’तून हे कठोरपणे लिहिणाऱ्यांत जदुनाथ सरकार होते, ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’चे लेखक आणि आपल्या रियासतकार सरदेसायांचे जिवलग. हे जदुनाथ पुढं १९२६ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसऱ्या बाजूनं असहकाराच्या काळात चित्तरंजन दासांच्या गोटातून विद्यापीठाला ‘गुलामखाना’ म्हटलं जात होतं. विद्यार्थ्यांनी वर्ग सोडावेत हे आशुतोषांना मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी उघड सांगितलं. आमचं मत असं की जदुनाथांच्या टीकेत तथ्य होतं. एका माणसाच्या दराऱ्यावर उभी राहिलेली संस्था त्या माणसामागं डळमळते. त्यांच्या हयातीतच, पैशाच्या ओढाताणीत, बोस १९२१ साली ढाक्याला गेले आणि साहा १९२३ साली अलाहाबादला.

ही ओढाताण कशी होती पाहा. १९२२ साली विद्यापीठ पाच लाखांवर तुटीत होतं, प्राध्यापकांचे पगार थकले होते. आता प्रांतात शिक्षण खातं भारतीय मंत्र्याकडं होतं. बंगाल सरकारनं अडीच लाख देऊ केले, पण हिशेबांवर आणि कारभारावर सरकारी नियंत्रणाच्या अटी घालून. हिशेब तपासायला हरकत कशाला, असं कोणी म्हणेल, आणि जदुनाथ म्हणालेही असते. आशुतोषांना त्या अटींमागचा हात दिसत होता. डिसेंबरातल्या सिनेटच्या बैठकीत त्यांनी सांगितलं: हे पैसे घ्यायचे नाहीत, खर्च कापू, बंगालभर दारोदार झोळी घेऊन फिरू, प्राध्यापक उपाशी राहतील, पण स्वातंत्र्य आधी, स्वातंत्र्य नंतर आणि स्वातंत्र्य कायम. सिनेटमध्ये बसलेल्यांत ज्यांचे पगार थकले होते असेही होते. अनुदान घेतलं गेलं नाही.

मार्च १९२३ मध्ये गव्हर्नर आणि पदसिद्ध कुलपती लॉर्ड लिटन यांनी आशुतोषांना पुन्हा कुलगुरूपद देऊ केलं, सरकारला विरोध थांबवून सहकार्य करण्याच्या अटीवर. दोन दिवसांत उत्तर गेलं. आपल्या कुलपतींना खूश ठेवणारा कुलगुरू हवा असेल तर तो दुसरीकडं शोधावा, असा त्याचा आशय. देऊ केलेलं पद त्यांनी अपमानकारक ठरवून परत केलं. पत्रव्यवहार वृत्तपत्रांत आला आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर तुटून पडणारे राष्ट्रीय विचारांचे लोकही त्यांच्या मागं उभे राहिले. त्या वर्षअखेरीस ते न्यायालयातून निवृत्त झाले, पुन्हा वकिलीचा झगा चढवला, आणि डुमराव संस्थानच्या खटल्यासाठी पाटण्यात असताना २५ मे १९२४ रोजी वारले. त्यांची ८० हजारांहून अधिक पुस्तकं कुटुंबीयांनी पुढं कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली.

आता आपल्याकडं वळू. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात. किती तास भरले तेवढे पैसे, तेही कधी येतील याचा नेम नाही, आणि पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. धोरणांचे मसुदे, मूल्यांकनाचे अहवाल आणि श्रेणींचे फलक यांना तोटा नाही. साहा आणि बोस यांच्यासारखी विशी-बाविशीतली पोरं आजही आहेत. त्यांना बोलावून ‘काय शिकवाल?’ असं विचारणारं कोणी नाही. या अंकातल्या लेखांत कायद्यांची, अनुदानाची, अभ्यासक्रमांची चर्चा भरपूर आहे. वाचकांनी ती करावी, आमच्याशी भांडावं, पत्रं पाठवावीत.

एक काम मात्र पत्राशिवायही करता येईल. आपल्या विद्यापीठांच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. बहुसंख्य पदवीधर या मतदारयादीत नाव नोंदवत नाहीत, मतदानालाही जात नाहीत. पुढची नोंदणी निघेल तेव्हा आपलं नाव नोंदवा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा की विद्यापीठात पूर्णवेळ शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या भरण्यासाठी तो सिनेटमध्ये काय करणार आहे. दिवाळीच्या शुभेच्छा.