'इन्फिनिट फ्लुइड' आपल्या नाल्यात कुठे आहे?

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला ड्रॅगवरचा प्रश्न बहुतेक ठरलेला. सिलिंडरचा व्यास दिलेला, वेग दिलेला, सी-डी दिलेला. फॉर्म्युल्यात आकडे टाका, उत्तराखाली दोन रेघा मारा आणि पुढे चला! पण त्या फॉर्म्युल्यामागे 'इन्फिनिट फ्लुइड' असे दोन शब्द दडलेले असतात. सिलिंडरच्या चहूकडे अमर्याद पाणी आहे, असे ते सांगतात. माझे म्हणणे एवढेच, की असे अमर्याद पाणी आपल्या जिल्ह्यात कुठेच नाही, आणि म्हणून हा धडा आपण अर्धाच शिकतो.

अडाण घ्या, अरुणावती घ्या, पूस घ्या, नाहीतर गावाशेजारचा एखादा नाला घ्या. पुलाचा गोल पियर म्हणजे उभा सिलिंडरच. त्याच्या दोन्ही अंगाला काठ तरी असतो, नाहीतर शेजारचा पियर. पाण्याला बाजूला सरकायला जागा नाही, मग तेवढेच पाणी उरलेल्या फटीतून जोरात निघते. पात्राची एक पंचमांश रुंदी अडली तर फटीतला वेग सव्वापट होतो. ड्रॅग चालतो वेगाच्या वर्गावर, म्हणजे जोर दीडपटीच्याही वर गेला. अर्धी रुंदी अडली तर वेग दुप्पट, जोर चौपट! हा नुसता कंटिन्युइटीचा ढोबळ हिशोब झाला. खऱ्या पात्रात पाणी पुलाच्या वरच्या अंगाला फुगते, पियरमागचे भोवरेही बदलतात. पण गोष्ट ह्याच दिशेने जाते.

भिंतींचे महत्त्व जुने आहे बरं का! अतिशय संथ प्रवाहात, अमर्याद द्रवातल्या लांब सिलिंडरवरचा जोर काढायला स्टोक्स १८५१ साली बसला, तर गणिताला उत्तरच येईना. हाच तो प्रसिद्ध 'स्टोक्स पॅराडॉक्स'. पुढे १९४६ साली स्वीडनच्या फाक्सेनने सिलिंडर दोन समांतर भिंतींमध्ये ठेवून जोर काढून दाखवला. म्हणजे भिंत ही किरकोळ दुरुस्ती नव्हे, ती गणिताचाच भाग आहे.

आता इंडियन रोड्स काँग्रेसचा कोड बघा. पियरवरचा पाण्याचा दाब दर चौरस मीटरला ५२ × के × वेगाचा वर्ग, इतके किलो. गोल पियरला के ०.६६, चौकोनी तोंडाच्या पियरला १.५०. सेकंदाला ३ मीटर वेग धरला तर गोल पियरवर साधारण ३०९ किलो दाब येतो. आता पुरात काय होते? बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, नाल्यातले बेशरम, एखादे बाभळीचे झाड, सगळे वाहत येऊन पियरला अडकते. आपला गुळगुळीत सिलिंडर चपट्या तोंडाचा होतो आणि फटही बुजते. के १.५० धरा, एक पंचमांश पात्र अडलेले धरा, म्हणजे वेग ३.७५. दाब होतो सुमारे १,१०० किलो, साडेतीन पट! शिवाय दाब घेणारे क्षेत्रफळ वाढले ते वेगळेच, आणि पायाजवळची माती खरवडली जाते तीही वेगळी. नकाशावरचा पूल तोच, पण त्याच्यावरचे पाणी आता ते राहिलेले नाही.

फट बुजली की पाणी रपट्यावरून जाते. २८ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच उमरखेड तालुक्यात दहागावजवळच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एस.टी. पुरात वाहून गेली, माणसे दगावली. "गुडघाभर तर पाणी आहे" असे आपण सहज म्हणतो. दहा मीटर लांबीच्या बसच्या कुशीवर अर्धा मीटर पाणी त्याच ३ मीटर वेगाने आदळले, तर वरच्याच सूत्राने अंदाजे साडेतीन टन आडवा जोर येतो. त्यात पाणी गाडीला खालून उचलतेही. ब्रेक काय करणार?

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली सरांना. लॅबच्या फ्ल्यूममध्ये पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, दोन्ही बाजूंना सरकवता येतील अशा दोन फळ्या आणि एक स्प्रिंग बॅलन्स, एवढे साहित्य पुरे. फळ्या जवळ आणत जा, रीडिंग घेत जा. जर्नलमध्ये कॉपी केलेल्या दहा ग्राफपेक्षा हा एक ग्राफ डोक्यात पक्का बसेल.

दुसरी आपल्यालाच. उन्हाळ्यात गावी गेलो की नाला कोरडा असतो. टेप घेऊन पात्राची रुंदी, पियरचे व्यास, काठावर टाकलेला मलबा आणि आत सरकलेले बांध मोजा, हिशोब करा आणि तो कागद मृगाच्या आधी ग्रामपंचायतीत द्या. पियर इंजिनीअरने डिझाइन केला, पण त्याच्या बाजूच्या 'भिंती' मात्र आपण सगळे मिळून रोज थोड्या थोड्या आत सरकवतो. पुलाला भगदाड पडल्यावर कंत्राटदाराला शिव्या घालणे सोपे आहे. नाला किती अरुंद केला हे आधी मोजणे, हे आपले काम आहे.

आणि हो, व्हायवाला कुणी "सी-डी किती?" असे विचारले, तर आकडा सांगण्याआधी एकदा नम्रपणे विचारा, "सर, भिंती किती लांब आहेत?"