शस्त्रक्रियेपूर्वीचे अन्न

१९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडचे शल्यविशारद हायरम स्टडली यांनी पोटातील अल्सरच्या रुग्णांविषयी एक साधी नोंद प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी ३३ टक्के दगावले. इतरांपैकी केवळ ३.५ टक्के.

पुढे कर्करोगाच्या बाबतीतही हेच दिसले. १९८४ मध्ये जपानच्या ओनोदेरा यांनी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी यांवरून एक निर्देशांक बांधला. तो ४० च्या खाली असेल तर आतडे कापून जोडण्याचे धाडस करू नये, असे त्यांचे मत होते. शस्त्रक्रियेचा धोका मोजणाऱ्या या आकड्यात नंतरच्या संशोधकांना रुग्णाच्या पुढील आयुष्याचाही अंदाज सापडला.

अर्थात निर्देशांक म्हणजे कारण नव्हे, ही अर्थशास्त्रातील प्राथमिक शिकवण येथेही लागू आहे. अल्ब्युमिन केवळ उपासमारीने उतरत नाही, गाठीमुळे शरीरात होणाऱ्या दाहानेही उतरते. आणि अन्ननलिकेत गाठ असेल तर श्रीमंताच्याही घशाखाली घास जात नाही. दोन अंडी अधिक दिली की आयुष्य वाढले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु या सावधगिरीच्या आड व्यवस्थेला लपता येणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५ देशांतील पाहणीत जठर व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेस आलेल्यांपैकी एक तृतीयांश रुग्ण तीव्र कुपोषित आढळले. गरीब देशांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. ही तफावत एकट्या गाठीने निर्माण केलेली नाही. उशिरा झालेले निदान आणि आधीपासूनच रिते असलेले शरीर, दोन्ही तिच्यात आहेत.

मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात गावोगावची कुटुंबे पदपथावर दिवस काढतात. रोजगार बुडालेला असतो. पोटाला चिमटा घेऊन राखलेला पैसा भाडे, तपासण्या व औषधे यांत जातो. शासकीय योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलतात; मात्र दाखल होण्याआधीच्या आठवड्यांतले अन्न ही रुग्णाची खासगी बाब समजली जाते. वस्तुतः तीव्र कुपोषित रुग्णास मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १४ दिवस पोषणोपचार द्यावेत, त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबली तरी चालेल, अशी युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

क्षयरोगाबाबत शासनाने हे तत्त्व मान्य केलेच आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. रक्कम तुटपुंजी आहे, पण अन्न हा उपचाराचाच भाग आहे ही कबुली तीत आहे. कर्करुग्णांसाठीही तीच मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयापासून मांडावयास हवी: पहिल्याच तपासणीला घटलेल्या वजनाची नोंद केसपेपरवर व्हावी, आणि त्याच दिवसापासून शिधा मंजूर व्हावा.