"पित्त झालंय" म्हणण्याआधी



जून जवळ आला की दोह्यात दोन गोष्टी सुरू होतात: तिकिटांची शोधाशोध आणि "भारतात जायच्या आधी दहा किलो उतरवायचे" ही मोहीम. यंदाही सुरू झालीच असेल, म्हणून हे लिहितोय.

मीही ती केली होती. दोन महिने काकडी आणि पातळ सूप. वजन उतरलं. मग एका शुक्रवारी बिर्याणीवर ताव मारला आणि रात्री उजव्या बरगडीखाली जी कळ आली, ती थेट पाठीपर्यंत. "पित्त झालंय" म्हणून सूतशेखर घेतलं, झोपलो. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे!

आपण जळजळीलाही पित्त म्हणतो, अंगावर उठतं त्यालाही. पण घशाशी येतं ते बहुतेकदा जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात बनतं. त्यातली पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासून तयार होतात, तेल-तूप पचवतात आणि त्यातली सुमारे ९५ टक्के आतड्यातून परत यकृताकडे जातात.

एवढंच त्यांचं काम, असं पूर्वी वाटायचं. १९९९ मध्ये कळलं की पित्ताम्लं पेशींना निरोपही देतात. नवीन पित्ताम्लं किती बनवायची, साखर आणि चरबीचं काय करायचं, यात त्यांचा हात असतो. आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटायलाही ती मदत करतात. हो, हल्लीची वजन उतरवायची इंजेक्शनं ज्याची नक्कल करतात, तेच!

मग उपाशी राहून काय होतं? वजन झपाट्याने उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्धांशच नसला की पित्ताशय नीट रिकामं होत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात.

माझं म्हणणं इतकंच: वजन जरूर उतरवा, पण आठवड्याला अर्धा-एक किलो, आणि जेवणात थोडं तेल-तूप असू द्या. तेलकट खाल्ल्यावर उजवीकडे पुन्हा पुन्हा कळ येत असेल तर सोनोग्राफी करा. सोबत ताप किंवा डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सी गाठा. आईला भेटायला बारीक होऊन जायची काही गरज नाही हो, ती "किती वाळलास" असंच म्हणणार आहे!

चूभूद्याघ्या.