शब्द चुकला, मुद्दा नव्हे

परवा दुपारी कामं आटोपून जरा टेकले, तर टीव्हीवर 'इंग्लिश विंग्लिश' लागलेला. गौरी शिंदेंचा २०१२ सालचा सिनेमा. श्रीदेवी त्यात पुण्याची शशी गोडबोले झालीय. तिच्या हातचे लाडू म्हणजे काय विचारता! पण 'जॅझ' म्हणताना बिचारीची जीभ घसरते आणि घरचेच हसतात. खरं सांगते मैत्रिणींनो, मीही हसले. अन् लगेच गप्प झाले. बचत गटातल्या आमच्या मावशी आठवल्या.

परभणीजवळच्या एका गावात बैठक चालली होती. मावशी उठून म्हणाल्या, "आमच्या पैशाचं अपहरण झालंय, त्याचं काय करायलात तुम्ही?" त्यांना म्हणायचं होतं अपहार. झालं! सगळ्याजणी हसून बेजार. एकीनं तर "खंडणी किती मागितली हो?" असंही विचारलं. त्या हसण्यात मी होतेच. मावशी खाली बसल्या आणि पुढच्या महिन्यात आल्याच नाहीत. नंतर वही तपासली, तर अकराशे रुपये खरंच कमी!

सिनेमाच्या धंद्यातच बघा ना, अशा चुकांचं केवढं कौतुक! हॉलिवूडचे निर्माते सॅम्युअल गोल्डविन मूळचे पोलंडमधल्या वॉर्साचे. गरिबीतून कोवळ्या वयात अमेरिकेला गेले. घरची भाषा यिडिश, इंग्रजी मागाहून शिकलेली. 'मला यातून वगळा' म्हणायच्या जागी ते 'मला बाहेर सामील करा' म्हणाले, असं सांगतात. अशी कितीतरी वाक्यं त्यांच्या नावावर आहेत. त्यातली काही तर प्रसिद्धीवाल्यांनीच रचलेली! त्यांचं काही अडलं का? १९४७ मध्ये त्यांच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पैसेवाल्या पुरुषाची चूक म्हणजे गंमत, अन् खेड्यातल्या बाईची चूक म्हणजे अडाणीपणा? हा कुठला न्याय?

हसूच नका, असं मी म्हणत नाही. मकरंद अनासपुरेंनी आपली मराठवाड्याची बोली पडद्यावर आणली, तेव्हा आपण पोट धरून हसलोच की! पण त्या बोलीतला माणूस सिनेमाचा नायक होता. आपण हसलो म्हणून त्याचं बोलणं थांबलं नाही. मला वाटतं, खूण एवढीच. आपल्या हसण्यानं समोरची बाई बोलायची थांबली, तर ती थट्टा राहत नाही, ते तिचं तोंड बंद करणं होतं. अन् बाई गप्प बसली की कुणाचं फावतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

शेवटी मी मावशींच्या घरी गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी तो बरोबर शब्द सांगा, मग येते."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही अपहरणच म्हणा. पण वहीचं विचारायचं सोडू नका."

आता आमच्या गटात एक नियम आहे. आधी उत्तर द्यायचं, मग हवं तेवढं हसायचं.