ज्ञानकोशात ‘गुन्हेगार’ कोणाला म्हणावे?

शाळेतील मुलांकडून ज्ञानकोशासाठी नोंदी लिहून घ्याव्यात, हा विचार आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. डॉ. केतकरांना महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढण्यासाठी मोठा व्याप उभारावा लागला. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्यामागेही कित्येक वर्षांची तयारी होती. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला आणि आता नववीतला विद्यार्थीसुद्धा संगणकापुढे बसून नोंद लिहू शकतो. ती नोंद दुसऱ्या दिवशी चंद्रपूरचा विद्यार्थी वाचतो आणि आपल्या वहीत उतरवून घेतो. म्हणूनच तिच्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला विषय निवडायला सांगितला की ‘जुन्या काळचे गुन्हे आणि शिक्षा’ हा विषय हमखास पुढे येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच काम करू लागले, तेव्हापासून न्यायालयाच्या गोष्टी येथे घरोघर चालतात, हेही एक कारण असेल. पण लिहायला बसल्यावर होते काय? लंडनच्या बुरुजातील फाशांविषयीचा इंग्रजी लेख समोर ठेवून त्याचे भाषांतर होते, नाही तर कडेलोट आणि हत्तीचा पाय यांची यादी तयार होते. माझ्या मते या दोन्हींत श्रम आहेत, पण ज्ञान फारसे नाही. इंग्रजांच्या न्यायाचा इतिहास जरूर वाचावा. मात्र त्यातून माहितीपेक्षा पद्धत उचलावी.

त्या पद्धतीचा एक नमुना पाहा. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे वृत्तान्त १६७४ पासून १९१३ पर्यंत छापले जात होते. सुमारे १ लाख ९७ हजार खटल्यांचे हे वृत्तान्त आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. इंग्लंडमध्ये १७१३ साली असा कायदा झाला, की राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरला तर फाशी. कायदा वाचणारा म्हणेल, काय हा क्रूर देश! पण खटले वाचू लागले की एक गंमत दिसते. चोरलेल्या मालाची किंमत पंचांनी एकोणचाळीस शिलिंग ठरवल्याचे पुन्हापुन्हा आढळते. माल उघड उघड महाग असला तरी एकोणचाळीसच! आरोपीचा गळा वाचावा म्हणून पंच मंडळी किंमत उतरवीत होती. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिले होते आणि प्रत्यक्षात काय घडत होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर घेऊन दुसऱ्याची नोंद लिहिता येत नाही.

आपल्याकडे अशी मोजदाद करता येईल काय? येथे अडचण आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे चाले आणि निकालाचा महजर लिहिला जाई. त्यावर उपस्थितांच्या निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर, हे तुम्ही वाचले असेल. असे महजर पुष्कळ टिकले. परंतु त्यांतील बहुतेक वतनाच्या भांडणांचे आहेत. याचे कारण सोपे आहे. ज्याला पाटीलकी मिळाली त्याच्या घराण्याने तो कागद पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपला. चोरीच्या आरोपातून सुटलेल्या किंवा शिक्षा झालेल्या गरिबाने कागद कशासाठी जपावा? तेव्हा उरलेल्या कागदांवरून ‘त्या काळी गुन्हे कमी होते’ असे कोणी लिहिले, तर ते उथळ पाण्यात जाळे टाकून नदीत मोठे मासेच नाहीत असे म्हणण्यासारखे होईल.

कागद नाही, साक्षीदार नाही, अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून ‘दिव्य’ करीत. याज्ञवल्क्य स्मृतीत तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे दिव्य आहे. हातावर पिंपळाची सात पाने ठेवून तो गोळा सात मंडलांतून न्यायचा. मराठेशाहीत रवादिव्य चाले, म्हणजे तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी हात तपासायचा. इंग्लंडमध्येही तापलेले लोखंड नऊ फूट नेऊन, हात बांधून, तिसऱ्या दिवशी पाहत असत. १२१५ साली लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना या परीक्षेत भाग घेण्यास मनाई केली आणि १२१९ साली इंग्लंडच्या न्यायाधीशांना ती सोडून देण्याची आज्ञा झाली. यात नक्की काय मोजले जात होते, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावा. तेलाचे तापमान, हात आत राहिला तो वेळ, कातडीची जाडी, जखम चिघळली की नाही, एवढेच. नांगर धरून घट्टे पडलेला हात आणि लेखणी धरणारा हात यांचा निकाल वेगळा लागेल. पण त्यातला खरा कोण आणि खोटा कोण, हे तेलाला कळण्याचा मार्ग नाही. (घरी प्रयोग करून पाहण्याचा विषय हा नव्हे, हे सांगायला नकोच.)

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींत एक वाक्य सहज येऊन जाते: ‘अमुक ही एक गुन्हेगार जमात होती.’ वाक्य छोटे आहे, पण वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला मुलगा त्याच समाजाचा असू शकतो. शिवाय ते वाक्य शास्त्रदृष्ट्याही चूक आहे. कोणतीही जमात गुन्हेगार नव्हती. सरकारने काही जमातींना कायद्याने तसे ठरवले होते.

हा कायदा १८७१ सालचा. एखाद्या जमातीचे नाव अधिसूचनेत आले की त्यातील माणसांची नोंदवही तयार होई आणि परवान्यावाचून गाव सोडणे अवघड होई. ती अधिसूचना योग्य की अयोग्य, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नव्हता. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा कायद्याच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता. गंमत अशी, की त्याच १८७१ साली इंग्लंडातही सराईत गुन्हेगारांवर पोलिसांची देखरेख ठेवणारा कायदा झाला. पण तेथे आधी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावा लागे, तोही दोनदा. येथे नुसता जन्म पुरे होता! ज्याला इंग्रजी न्यायाच्या इतिहासावर नोंद लिहायची हौस आहे, त्याने या दोन कायद्यांची तुलना करावी. लंडनच्या बुरुजापेक्षा तो विषय कितीतरी सकस आहे.

या जमातींत अटका जास्त होत, असे आकडे जुन्या अहवालांत सापडतील. ते उतरवण्यापूर्वी थोडे थांबा. ज्यांच्यावर रोज पाळत आहे, गाव ओलांडणे हाच ज्यांचा गुन्हा आहे, त्यांच्या अटका जास्त होणारच. दिवा एकाच कोपऱ्यात धरला तर धूळ त्याच कोपऱ्यात दिसते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. नोंदीत १८७१ आणि १९५२ ही दोन वर्षे आली नाहीत, तर माझ्या मते शिक्षकांनी ती नोंद परत करावी.

कोल्हापूरच्या मुलांना तर लांब जायलाच नको. करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांतील माणसांना हजेरी द्यावी लागे, गुन्हा केलेला असो वा नसो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. त्या वेळी ब्रिटिश हद्दीत गुन्हेगार जमातींचा कायदा जोरात चालू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आज्ञेचे मोल कळते. या विषयावर कोल्हापुरातल्या मुलांनी लिहू नये तर कोणी लिहावे?

साधनेही जवळच आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. शहरात पुराभिलेखागार आहे. मात्र येथे एक नियम आडवा येतो. विकिपीडियावर स्वतःचे संशोधन चालत नाही. प्रत्येक विधानाला प्रसिद्ध झालेला आधार लागतो. एखाद्या मुलीने मोडी शिकून जुना कागद स्वतः वाचला, तरी तो वाचन-निष्कर्ष तिला तेथे थेट घालता येणार नाही. काही शिक्षकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण मोडी वाचनात अनुभवी माणसेही अडखळतात. त्या मुलीने आपले वाचन शाळेच्या वार्षिकात लिहावे, जाणकारांना दाखवावे. ज्ञानकोशाची नोंद तूर्त छापील खंडांवर उभी करावी. पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी उचलू नयेत, हे तर आहेच.

मोडीवरून आठवले. ‘ध चा मा’ची कथा तुम्हां सर्वांना पाठ असेल. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, ही इतिहासातील घटना. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही त्याभोवतीची आख्यायिका. नोंदीत दोन्ही यावीत, पण एकाच वाक्यात नकोत. तोवर एक निरुपद्रवी प्रयोग करा. ते पत्र असलेच तर मोडीत असणार. तेव्हा बोरू आणि शाई घ्या, मोडीत ‘धरावे’ लिहा आणि त्याचे ‘मारावे’ करता येते का, किती खाडाखोड दिसते, हे पाहा. निकाल काहीही लागो, वहीत तारखेसह लिहून ठेवा.

हजेरीच्या नोंदीसाठी मात्र पहिल्या दिवशी एवढेच शोधावे: आज्ञा कोणत्या तारखेची, तिच्यात कोणते शब्द वापरले आहेत, ती कोणकोणत्या जातींना लागू होती आणि त्यानंतर गावच्या चावडीवर ती खरोखर पाळली गेली की नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला बहुधा सगळी सहामाही जाईल.