नववीनंतर मैदान का सुटतं?

१७५ विरुद्ध १८. हा क्रिकेटचा धावफलक नाही, खो-खोचा आहे. १४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, आपण बायका वाणाची ताटं भरण्यात गुंतलो होतो तेव्हा दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला या गुणांनी हरवलं. खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकातला हा त्यांचा पहिला सामना. मग इराणला १००-१६, मलेशियाला १००-२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशला १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६ आणि १९ जानेवारीला अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४०. सहा दिवसांत सहा सामने आणि सहाही विजय!

आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं? खेळ आपलाच, समोरच्या पोरी कालपरवा शिकलेल्या. खरंच आहे ते. पहिल्या सामन्यांतले आकडे आपल्या जोरापेक्षा समोरच्यांचा नवखेपणाच जास्त सांगतात. पण अंतिम सामना तसा एकतर्फी नव्हता. पहिल्या डावात आपल्या मुलींनी ३४ गुण मिळवले, नेपाळच्या खात्यात भोपळा. दुसऱ्या डावात नेपाळच्या मुलींनी अशी मुसंडी मारली, की मध्यंतराला गुणफलक ३५-२४ झाला. अकरा गुणांचा फरक खो-खोत कधी वितळेल सांगता येत नाही. तिसऱ्या डावात आपल्या मुली पुन्हा तुटून पडल्या आणि आकडा ७३ वर नेला. शेवटच्या डावात कर्नाटकच्या चैत्राच्या तुकडीने इतका वेळ हुलकावण्या दिल्या, की पळता पळताच पाच गुण मिळाले. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडूही चैत्राच ठरली.

या संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे. ती वाढली, खेळली पुण्याकडे, पण तिचं मूळ गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे ज्या मराठवाड्याचं नाव वर्तमानपत्रात दुष्काळ, ऊसतोड आणि पाण्याच्या टँकरपायी येतं, त्या मराठवाड्याच्या मातीतल्या लेकींच्या हातात विश्वचषक आला. राज्य सरकारने आपल्या खेळाडूंना सव्वा दोन कोटींचं बक्षीस जाहीर केलं. पेढे वाटले गेले, मिरवणुका निघाल्या. कौतुक झालंच पाहिजे, झालं. पण मैत्रिणींनो, मला त्या कौतुकाच्या अलीकडचं काही बोलायचं आहे.

लातूरहून गाडीने निघालं तर धाराशिव दीड-दोन तासांवर. तिथल्या मुलींनी राज्याच्या खो-खोत वर्षानुवर्षं दबदबा ठेवला आहे. त्यातलीच एक सारिका काळे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी तब्बल २२ वर्षं खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार आला नव्हता. त्या वेळी तिने पत्रकारांना सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. घरची परिस्थितीच तशी होती. वडील फारसे कमावू शकत नव्हते, आई शिवणकाम आणि घरकाम करून संसार ओढत होती. शिबिराला किंवा स्पर्धेला गेलं, की तेवढं पोटभर आणि चांगलं मिळायचं.

आपण अशा कहाण्या ऐकतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, ‘बघा, जिद्द असली की काय होत नाही!’ मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. अर्धपोटी राहून जी पोचली ती एक सारिका. तशाच घरातल्या, तशाच चपळ, पण वाटेतच बसलेल्या किती असतील? त्यांची नावं कुठल्या पुरस्काराच्या यादीत सापडायची नाहीत. आणि सारिकाला तरी तिच्या प्रशिक्षकांनी, चंद्रजित जाधव सरांनी, हात दिला. घरच्यांनी अडवलं नाही. जिद्द तिची होतीच, पण ‘जा’ म्हणणारं कुणीतरी घरात होतं, हे आपण विसरतो.

बचत गटांच्या कामासाठी मी कंधार, मुखेड, अहमदपूर, चाकूर या भागात फिरत असते. शाळेच्या आवारात बैठक असली, की मैदानाकडे लक्ष जातंच. पाचवी-सहावीच्या पोरी कशा वाऱ्यासारख्या पळतात! सातवी-आठवीत त्यांची संख्या निम्मी होते. नववीत दोन-चार उरतात, आणि दहावीच्या मुली मैदानाच्या कडेला पुस्तकं छातीशी धरून उभ्या. एका गावात अशीच एक मुलगी कडेला उभी दिसली. मागच्या वर्षी ती जिल्ह्याला खेळून आली होती. विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, मला खेळायचंय हो. पण सर सकाळी सहाला बोलवितेत अन् बाबा म्हणतेत अंधारात जायाचं नाही.’ तिच्या आईला भेटले. ती बिचारी काही खाष्ट नव्हती. म्हणाली, ‘ताई, पोरगी पळती चांगली, मलाबी दिसतंय. पण आता मोठी झाली की ओ. पाय-बिय मोडला तर कोण करील तिला?’

या दोन वाक्यांत सगळं आलं, नाही का? पायाची काळजी, लग्नाची काळजी, अंधाराची काळजी आणि लोक काय म्हणतील याची काळजी. आपल्या मराठवाड्यातले काही जिल्हे बालविवाहाच्या आकडेवारीत राज्यात सर्वांत वर आहेत. ज्या वयात शरीर खेळासाठी तयार होतं, त्याच वयात घर पोरीला ‘मोठी’ ठरवून टाकतं. मुलाला मात्र त्याच वयात म्हणतो, ‘जा रे, जरा बाहेर खेळून ये, घरात काय बसतोस?’

शहरात वेगळंच चित्र. लातूरचा ट्यूशन एरिया घ्या किंवा नांदेडच्या भाग्यनगरकडचा क्लासेसचा भाग घ्या. पहाटेपासून पाठीवर दप्तर घेतलेली मुलं-मुली इकडून तिकडे धावताना दिसतात. लातूर पॅटर्नने आपल्या भागातली कितीतरी लेकरं डॉक्टर-इंजिनिअर केली, त्यात शेतमजुरांच्या पोरीही आहेत, हे मी कधीच नाकारणार नाही. पण सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री टेस्टची तयारी यात मैदानाला तास कुठला? माझ्या ओळखीच्या एका घरात मुलगी विभागीय स्पर्धेपर्यंत गेली होती. अकरावीत घरच्यांनी बूट माळ्यावर टाकले. ‘बारावी झाली की खेळ,’ म्हणाले. बारावी झाली, मग नीट, मग पुन्हा एकदा नीट. बूट अजून माळ्यावरच असतील, आणि आता ते तिला व्हायचेही नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण लांबचं आहे, पण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचं बास्केटबॉल बघायला आज गर्दी लोटते. कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींनी २०१४ ते २०१७ या काळात सलग १११ सामने जिंकले. हे विद्यापीठ स्टॉर्स नावाच्या लहानशा गावात आहे आणि त्याची सुरुवात १८८१ साली शेतकी शाळा म्हणून झाली होती. २०२४ मध्ये साऊथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींनी अख्ख्या हंगामात एकही सामना न गमावता, ३८ पैकी ३८ जिंकून, अजिंक्यपद मिळवलं. त्यांचा आयोवाबरोबरचा अंतिम सामना टीव्हीवर मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

तिकडच्या मुली काय जन्मतःच धडधाकट, म्हणून हे घडलं का? तसं नाही. १९७२ साली तिथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, असं त्यात होतं. त्यानंतर मुलींनाही मैदान, प्रशिक्षक, शिष्यवृत्ती, प्रवासखर्च यांचा वाटा द्यावा लागला. कायद्याआधी त्या देशातल्या शाळांच्या संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्याही आत होत्या, आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. पोरी त्याच होत्या, त्यांना वाट मिळाली. आणि वाट रुंद झाली, की त्यातून कधी तरी १११ विजयांचा संघ निघतो.

त्या १११ विजयांनंतर काय झालं, तेही ऐका. २०१७ च्या उपांत्य सामन्यात, जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी, मिसिसिपी स्टेटच्या मुलींनी त्यांना ६६-६४ असं हरवलं. दोन गुणांनी! शंभर वेळा जिंकणाऱ्यालाही एक दिवस हरावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यावं लागतं. आपल्या मुलींना हे कोण शिकवतं? परीक्षेत चार गुण कमी पडले म्हणून जीव देणाऱ्या लेकरांच्या बातम्या वाचल्या, की वाटतं, यांना कुणीतरी मैदानावर हरू द्यायला हवं होतं. मैदानावर हरलेली पोरगी रडते, घरी येते, जेवते आणि झोपते. सकाळी पुन्हा पळायला जाते. हा संस्कार कुठल्या क्लासमध्ये मिळणार?

खो-खो तर आपल्या ऐपतीचा खेळ. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि पळणारे पाय, बस्स. याच खेळात आठ जणी खाली बसलेल्या असतात आणि एकटीच धावते. तिला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पुढे दम संपला, की ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारते, ‘खो’ म्हणते आणि तिची जागा घेते. एकटीच्या हिमतीवर सामना जिंकताच येत नाही, म्हणून मला हा खेळ बायकांचा वाटतो.

मग आपण काय करायचं? सरकारने मोठ्या स्पर्धांसारखी मॅट तालुक्याला द्यावी, शाळांत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची पदं भरावीत, हे मागायचंच. पण ते होईपर्यंत आपल्या हातातलं पुष्कळ आहे. शाळेत पालकसभेला गेलात, की गुणांबरोबर एवढंही विचारा: मुलींना खेळाचा तास खरंच मिळतो, की तो गणिताला जातो? कपडे बदलायला आडोसा आहे का? स्वच्छतागृहात पाणी आहे का? पाळीच्या दिवसांत मुलीने बाईंना सांगायचं की सरांना? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण निम्म्या पोरी इथेच गळतात.

अंधाराची भीती खरी आहे, तिला हसू नका. पण एकीच्या जागी गल्लीतल्या पाच जणी मिळून गेल्या आणि आळीपाळीने एकेक आई सोबत गेली, तर सकाळचे सहा काही वैऱ्याचे नाहीत. आपल्याही पायांना तेवढंच चालणं! खुराकाचंही तसंच. पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. महागड्या डब्यांची गरज नाही. मूठभर शेंगदाणे, गूळ, फुटाणे, मोड आलेली मटकी, परवडत असेल तर अंडं, हे पोरीच्या ताटात पोराइतकंच पडू द्या. आणि ती दमून आली, की लगेच भांडी तिच्या पुढ्यात ढकलू नका. भावाला सांगा की एक दिवस.

‘खेळून पोट भरतं का?’ हा प्रश्नही योग्यच आहे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. प्रत्येकीला हे मिळेल असं नाही. पण प्रत्येक क्लासवाली तरी कुठे डॉक्टर होते?

एक शेवटची सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे, चमचे, गाळण्या लुटतो आणि त्या वर्षभर फडताळात पडून राहतात. पुढच्या संक्रांतीला गल्लीतल्या दहा जणींनी वाणाचे पैसे एकत्र केले, तर शाळेच्या संघातल्या दोन-तीन पोरींचे बूट येतील. त्या पोरींना हळदीकुंकवाला बोलवा, तिळगूळ द्या आणि बूट हातात ठेवा. त्यांच्या आईलाही बोलवा. चार बायकांसमोर लेकीचं कौतुक ऐकलेली आई उद्या सकाळी सहाला दार उघडताना थोडी कमी कचरेल.